नव्याण्णव धरलं

मिनेसोटात गोल्फ खेळणारा माणूस म्हणजे वर्षातले सहा महिने गोल्फबद्दल बोलणारा माणूस. उरलेले सहा महिने तो खेळतो, पण तोंड तेव्हाही चालूच असतं. माझा नवरा त्यातलाच. नोव्हेंबरात बर्फ पडला की हा आणि याचे दोस्त हायवेलगतच्या एका मॉलमध्ये जातात. तिथं भिंतभर पडद्यावर कॅलिफोर्नियाचा समुद्र लावतात आणि बाहेर उणे वीस असताना आत हाफ पँट घालून पडद्याला चेंडू हाणतात. खरा चेंडू पडद्यावर आपटून धप्पकन खाली पडतो. पडद्यातला चेंडू निळ्या आकाशात उडत जातो. ‘काय गेला यार!’ अरे बाप्पा, गेला कुठं? तुझ्या पायाशी पडलाय तो.

एप्रिलमध्ये कोर्स, म्हणजे गोल्फचं मैदान, उघडतो तेव्हा गवत पेंढ्यासारखं पिवळं असतं आणि जिकडेतिकडे हंसांची घाण. आमची मंडळी माकडटोप्या, दोन-दोन स्वेटर आणि खिशात हात शेकायच्या पुड्या अशा थाटात उतरतात. थंडीत पहिला फटका बसला की कोपरापर्यंत झिणझिण्या येतात. मग सगळे मिळून म्हणतात, ‘व्हॉट अ डे!’ हे वेड नाही तर काय आहे ते मला कुणीतरी सांगा.

आणि तरी मी त्यांच्यात गेले. कशी गेले ते सांगते. हे मूळचे चौघं. एक माझा नवरा. दुसरे एक पुण्याचे, डेटाबेसवाले, ज्यांना गोल्फचे सगळे नियम पाठ आहेत आणि ते सगळे दुसऱ्यांना लागू आहेत. तिसरे मुंबईचे डॉक्टर, स्वभावानं लोण्यासारखे, कुणाला कधी नाही म्हणणार नाहीत. चौथ्याची पाठ गेल्या वर्षी मे महिन्यात कायमची गेली. शनिवारची वेळ तर पूर्ण सीझनची बुक केलेली. माणूस मिळेना. तेव्हा नवरा म्हणाला, ‘हिला घेऊ या का? तेवढाच आकडा भरेल.’ आकडा! मी ऑफिस सुटल्यावर दोन उन्हाळे सिटीच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, क्लासला जाऊन रीतसर शिकले होते. हे त्याला माहीत होतं, पण ते बायकांचं झुंबा असतं ना, त्या खात्यात त्यानं टाकलं होतं.

पहिल्याच दिवशी माझी करमणूक सुरू झाली. ‘वहिनी, तुम्ही पुढच्या टीवरून मारा, लेडीज टी.’ टी म्हणजे पहिला फटका मारायची जागा, बायकांची जरा पुढं असते. मी म्हटलं, तुम्ही जिथून मारता तिथूनच मारीन. ते तिघं एकमेकांकडे बघून हसले. नंतर डेटाबेसवाल्यांचा पहिला चेंडू झाडीत गेला. त्यांनी खिशातून दुसरा काढला. ‘हा ब्रेकफास्ट बॉल. पहिला मोजायचा नसतो.’ बरं, ठीक आहे. पुढं डॉक्टरांचा चेंडू खड्ड्यात बसला, त्यांनी तो उचलून छान हिरव्या गवतावर ठेवला, सत्यनारायणाच्या पूजेत सुपारी ठेवावी तसा. मी विचारलं तर म्हणे, विंटर रूल्स. थंड प्रदेशात गवत नीट वाढलेलं नसतं, म्हणून वसंतात असं हलवायची मुभा असते. खरं आहे, असते. पण त्या दिवशी जून महिना होता आणि आम्ही घामानं भिजलो होतो. यांचे विंटर रूल्स एक जानेवारीला सुरू होतात आणि एकतीस डिसेंबरला संपतात.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. पण ‘धरलं’ नावाचा प्रकार माझ्या डोक्यात गेला तो गेलाच.

गोल्फमध्ये शेवटचं काम म्हणजे चेंडू ग्रीनवरच्या, म्हणजे बारीक कापलेल्या हिरवळीवरच्या, होलमध्ये घालायचा. तो शेवटचा हलका फटका, त्याला पट म्हणतात, तो दिसतो सोपा पण माणसाची जिरवतो. चेंडू होलच्या अगदी कडेला असला तर सोबतचा खेळाडू म्हणतो, राहू दे, गेलाच समज. अमेरिकन लोकही म्हणतात, पण वीतभर अंतराला. आमच्या मंडळींनी त्याचा पाहुणचार करून टाकला. चेंडू पाच फुटांवर असला तरी, ‘राहू द्या हो, धरलं!’ की समोरचा लाजत लाजत चेंडू उचलतो. आणि फराळाचा डबा जसा रिकामा परत पाठवायचा नसतो, तसं पुढच्या होलला त्यानं याला धरायचं. थर्मामीटर जसा उतरेल तसं अंतर वाढतं. जूनमध्ये तीन फूट, सप्टेंबरमध्ये सहा, आणि ऑक्टोबर उजाडला की ग्रीनवर पाय ठेवला तरी धरलं. कारण पुढं कार्टमध्ये, त्या मैदानात फिरायच्या छोट्या गाडीत, थर्मास असतो आणि त्यात आल्याचा चहा. इतकी वर्षं खेळून या तिघांपैकी एकालाही चार फुटांवरून चेंडू घालता येत नाही, कारण तशी वेळच कधी एकमेकांवर आणली नाही. आणि मग घरी येऊन टेंभा मिरवायचा. नवऱ्याचे ब्याण्णव, डॉक्टरांचे एकोणनव्वद! गोल्फमध्ये फटके जितके कमी तितकं चांगलं. हौशी माणसानं शंभरच्या आत येणं म्हणजे मोठी गोष्ट. आमच्याकडे ती दर शनिवारी होते.

मला धरू लागले तेव्हा मी म्हटलं, नको, मी घालते. तर म्हणे, ‘वहिनी, आम्ही परके का?’ घ्या! आता नियमानं खेळलं तर नातं तुटतं. मी तरी प्रत्येक पट घालत राहिले. ते कार्टपाशी जाऊन उभे राहायचे, हातावर फुंकरा मारत, आणि नवरा घड्याळाकडे बघायचा. चुकला की डॉक्टर हळहळायचे, ‘उगाच, वहिनी, आम्ही धरला होता की.’

मला एकच हवं होतं. शंभरच्या आत एकदा यायचं. खरं, सगळे फटके मोजून, सगळे चेंडू होलमध्ये घालून. काय एवढं त्यात, असं लेकीनं सिअॅटलहून फोनवर विचारलंच. ‘मॉम, इट्स जस्ट गोल्फ.’ तिला कसं सांगू? या देशात येऊन मला तीस वर्षं होत आली आणि तीस वर्षं मला सगळे धरतच आलेत. स्नोब्लोअर, ते बर्फ उडवायचं मशीन, सुरू करायला गेले की, राहू दे, तुला झेपायचं नाही. ऑफिसमध्ये माझ्या प्रेझेंटेशनला मॅनेजर म्हणायचा, यू डिड ग्रेट, आणि प्रोजेक्ट दुसऱ्याला द्यायचा. चांगलं झालं की वाईट, हे कुणी कधी धड बोललंच नाही. चेंडू तसा नाही. तो पडतो किंवा पडत नाही. मला त्याचं फार बरं वाटायचं.

पहिल्या वर्षी मी एकशे वीसच्या घरात होते. या वर्षी जुलैत एकशे आठ, ऑगस्टमध्ये एकशे तीन. सप्टेंबरात ऑफिसच्या कामात तीन शनिवार गेले आणि मी अक्षरशः कॅलेंडरकडे बघून दात ओठ खात होते. इथं सीझन संपला म्हणजे संपला. पुढचा प्रयत्न एप्रिलमध्ये, आणि एप्रिलमध्ये गुडघे काय म्हणतील ते गुडघ्यांनाच ठाऊक.

ऑक्टोबरातल्या शेवटच्या शनिवारी क्लबहाउसच्या दारावर पाटी होती, उद्यानंतर कोर्स बंद. गाडीतला आकडा अडतीस दाखवत होता. फॅरनहाइटमधले अडतीस, म्हणजे आपले जेमतेम तीन; मूळच्या नागपूरकराला तो आकडा बघून उगाच ऊब वाटते आणि दार उघडलं की तोंडात मारल्यासारखं होतं. ग्रीन्स दगडासारख्या कडक. चेंडू पडला की टणकन उडून मागच्या झुडपात. वाळक्या पानांत चेंडू सापडेना तेव्हा डेटाबेसवाल्यांनी नवा नियम काढला, पानांत गेलेला चेंडू हरवला असं धरून दंडाचा फटका मोजायचा नाही, कारण तो दिसला असता जर पानं नसती. मी हात टेकले.

पण माझं त्या दिवशी जमून येत होतं. का ते विचारू नका. बोटं बधिर झाली होती, नाक गळत होतं, आणि चेंडू मात्र सरळ जात होता. अठरापैकी सतरा होल झाले तेव्हा माझे त्र्याण्णव होते. शेवटच्या होलला सहा लागले तर नव्याण्णव. हे मी मोठ्यानं बोलले नव्हते. नवऱ्याला फोनमधल्या स्कोअरवरून कळलं आणि तो ओरडला, ‘अरे, हिचं नव्याण्णव होतंय!’ झालं. सगळे माझ्यापेक्षा जास्त उत्साहात.

पहिले तीन फटके ठीक गेले. चौथ्यात चेंडू ग्रीनवर आला, पण होलपासून बराच लांब. तेवढ्यात वरून साबुदाण्यासारखे बर्फाचे बारीक कण पडायला लागले, आणि ग्रीनवर पांढरी झाक आली. पाचवा, लांबचा पट, मी जपून मारला. तो पांढऱ्यातून हिरवी रेघ ओढत गेला आणि होलच्या अलीकडे दोन-अडीच फुटांवर थांबला. राहिला एक. तो पडला की नव्याण्णव.

मी चेंडूकडे चालत निघाले. डॉक्टर होलजवळच उभे होते. ते वाकले, माझा चेंडू उचलला, आणि दोन्ही हात पसरून म्हणाले, ‘वहिनी, धरलं! नव्याण्णव! काँग्रॅच्युलेशन्स!’

नवऱ्यानं टाळ्या वाजवल्या. डेटाबेसवाले निघालेसुद्धा होते कार्टकडे.

मी तिथंच थांबले. माझं डोकं असं तापलं की थंडी वाजायची बंद झाली. माझ्या तोंडून माहेरची बोली बाहेर पडली. ‘काय करून राहिले तुम्ही? काहून उचलला?’

‘अहो, दोन फूट तर होता.’

‘ठेवा तो होता तिथं.’

डॉक्टरांना वाटलं मी मस्करी करतेय. मग माझं तोंड बघून त्यांनी चेंडू खाली ठेवला. होलपासून वीतभर अंतरावर! वर माझ्याकडे बघून हसले. मुलाच्या मुठीत गुपचूप चॉकलेट ठेवावं तसं.

‘इथं नव्हता.’

‘काय फरक पडतो, वहिनी?’

‘डॉक्टर, पेशंटला विचारा हं असं.’

मी ती हिरवी रेघ दाखवली. बर्फाच्या पिठात ती स्वच्छ दिसत होती, आणि ती जिथं संपत होती तिथं चेंडू होता. डेटाबेसवाले परत आले. ते म्हणाले, एकदा धरलं की धरलं, नियमच आहे तसा. मी म्हटलं, तो नियम दोघांच्या सामन्याचा. मी कुणाशी सामना खेळत नाहीये, फटके मोजतेय, आणि दुसऱ्यानं चेंडू उचलला तर तो परत ठेवून खेळायचा असतो. ते हातमोजे नीट करायला लागले. नियम पाठ होता त्यांना, म्हणूनच.

‘अगं, घे की,’ नवरा म्हणाला. ‘थंडीनं मरतोय आम्ही. नव्याण्णव झालंय, मी टाकलंय फोनमध्ये.’

‘तू थांब दोन मिनिटं.’

मी चेंडू त्या रेघेच्या टोकाशी ठेवला. तिघं भोवती उभे, तोंडातून वाफा. मारला. चेंडू गेला, होलच्या डाव्या कडेला लागला, अर्धा फिरला आणि बाहेर येऊन बसला.

मी तो बोटभर अंतरावरचा चेंडू आत घातला. त्याचा आवाज आला. शंभर.

‘म्हणूनच म्हणत होतो,’ डॉक्टर हळूच म्हणाले. भला माणूस. त्या क्षणी मला हातातली पटची काठी त्यांच्या डोक्यात घालावीशी वाटली. गाडीत बसल्यावर मला रडू आलं, आणि रडू येतंय याचा आणखी राग आला. नवऱ्यानं हीटर मोठा केला आणि म्हणाला, ‘नव्याण्णवच आहे ते. मी बदललेलं नाही.’ त्याला वाटलं तो माझ्यावर उपकार करतोय.

पुढच्या रविवारी डेटाबेसवाल्यांकडे दिवाळीचा फराळ होता, दुपारचा, बेसमेंटमध्ये. पंधरा-वीस माणसं. चकल्या, शेव, कुणाच्या तरी सासूबाईंनी तिकडून पाठवलेले अनारसे. मी खाली उतरले तर टेबलावर केक. त्यावर हिरव्या क्रीमचं गवत, प्लॅस्टिकचा झेंडा आणि मध्ये ठळक नव्याण्णव. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. डेटाबेसवाल्यांची बायको येऊन गळ्यात पडली. ‘कित्ती छान गं! मला तर त्या काठ्या धरतासुद्धा येत नाहीत.’ नवऱ्यानं छोटंसं भाषण ठोकलं. स्वतःच्या ब्याण्णवांचा उल्लेख त्यात दोनदा आला. मग माझ्या हातात सुरी दिली.

खरं सांगते, मोह झाला. सगळी प्रेमाची माणसं. दिवाळी. केकवर लिहिलेलं. गप्प बसले असते तर जन्मभर नव्याण्णववाली वहिनी झाले असते. पण त्या हिरव्या क्रीमकडे बघून मला ते चेंडू उचलणारे हात दिसले, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

‘हे नव्याण्णव नाहीत,’ मी म्हटलं. ‘शेवटचा पट चुकला माझा. शंभर झाले.’

‘वहिनी किती मॉडेस्ट!’ कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

‘मॉडेस्टी गेली चुलीत. चुकला म्हणजे चुकला. हे तिघं समोर होते, विचारा. आणि शंभर म्हणजे सगळे पट होलमध्ये घालून. माझा एकही धरलेला नाही.’

डॉक्टरांची बायको साधी आहे, तिच्या मनात काही नसतं. ती चकली मोडता मोडता नवऱ्याला म्हणाली, ‘धरलेला म्हणजे काय हो? म्हणजे तुमचे एकोणनव्वद कसे मोजले मग?’

डॉक्टरांनी चहाचा कप तोंडाला लावला. कप रिकामा होता, मला दिसत होता. डेटाबेसवाल्यांना वरच्या मजल्यावर काहीतरी आठवलं. माझा नवरा केककडे बघत राहिला. मी केक कापला, आणि सगळ्यांना वाटला. चव चांगली होती, जरा गोड जास्त.

घरी येताना तो पहिली दहा मिनिटं भडकलेला होता. ‘सणासुदीला काय गरज होती? आनंदानं केलं होतं त्यांनी. कुणाचं काय बिघडत होतं?’

‘माझं.’

‘लोकांची तोंडं बघितलीस?’

‘बघितली. इतकी वर्षं मी तुमची बघत आलेय.’

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापणी झालेली मक्याची शेतं होती आणि त्यांवर नुकताच पडलेला बर्फ. कोर्सवरूनच आमचा रस्ता जातो. तिथले झेंडे काढून नेले होते. तिकडे बघून तो म्हणाला, ‘माझे किती होतात गं?’

‘कशाचे?’

‘खरे. त्या दिवशीचे. तू मोजत असणार.’

मोजत होतेच. शेजारी बसते मी त्याच्या कार्टमध्ये, आणि मला डोळे आहेत. काहीतरी गोड सांगावं असं एकदा वाटलं. इतका पडलेला चेहरा होता.

‘एकशे तेरा,’ मी म्हटलं. ‘पानांत हरवलेले मोजून.’

त्यानं काही वाद घातला नाही. याची मला सवय नव्हती. सिग्नलला गाडी थांबली. हिरवा झाला तरी तो तसाच बसून होता. मागच्यानं हॉर्न दिला तेव्हा त्यानं गाडी काढली.

‘म्हणजे,’ तो म्हणाला, ‘तू माझ्यापेक्षा जरा बरी खेळतेस.’

जरा! बरी! तेरा फटके म्हणजे जरा!

‘चांगली,’ मी म्हटलं.

त्यानं समोर बघूनच मान हलवली. मी वाट बघत राहिले. मान हलवणं मी धरणार नव्हते.

आमचं वळण आलं, त्यानं गाडी वळवली, आणि दाराशी उभी करून इंजिन बंद केलं. पट्टा सोडायला गेलेला हात मध्येच थांबला.

‘चांगली,’ तो म्हणाला. ‘खूपच चांगली खेळतेस तू.’